लमुनबाईंनी न घेतलेलं तबक

बँकॉक,
वर्षावास संपल्याचा पाचवा दिवस

ती. पिनमावशीच्या पायांशी थोंगयूचा, डोकं जमिनीला टेकून, नमस्कार. (जमीन आत्ताच पुसलेली असल्यामुळे डोकं प्रत्यक्षात चटईला टेकलं आहे. भाव तोच धरावा.)

तुझे गुडघे कसे आहेत? नाटकमंडळी सोडून अठरा वर्षं झाली तरी पोरींना नाच शिकवताना राजकन्येचं बसणं तू अजून स्वतः बसून दाखवतेस आणि मग तुला उठवायला चार पोरी लागतात, असं ऐकलं. पुढच्या वेळी त्या चौघींपैकीच एकीला बसवावं, म्हणजे उठवायचं काम वाचेल. काकांना डाव्या कानाने ऐकू यायला लागलं का, की अजून तू बोलत असतानाच तो कान बंद पडतो? ताडांना यंदा रस कसा आहे? पांढरी गाय व्याली का? मी इथे खुशाल आहे, दोन वेळ जेवतो, आणि तीन महिने पत्र लिहिलं नाही म्हणून एका हाताने स्वतःचा कान धरून बसलो आहे (कागद त्यामुळेच सरकतो आहे, ओळी वाकड्या वाटल्या तर दोष कानाचा).

आता मुद्द्याचं. तुमचा गूळ इकडे आणणाऱ्या मिन नावाड्याने फेचबुरीला परत जाऊन सांगितलं म्हणे, की पिनबाईचा भाचा शहरात बिघडला, पहाटे एका लोखंडी यंत्रापुढे गुडघे टेकून बसतो, त्याला उदबत्ती दाखवतो आणि त्याच्यावर लाह्या उधळतो. मावशी, यातलं एकही अक्षर खोटं नाही. पण मिनला अर्धंच दिसलं, कारण त्याने गुळाचं मडकं दारात ठेवलं आणि तो पळाला. उरलेलं अर्धं मी सांगतो. ते ऐकून तू मला आणखी बिघडलेला समजशील की कमी, ते मला सांगता येत नाही.

झालं असं की आमच्या कचेरीत टाइपरायटर आला. आमचे लुआंगसाहेब त्याच्याभोवती तीनदा फिरले आणि त्यांनी हुकूम काढला, की वर्षावास संपताच सगळ्या कारकुनांची परीक्षा होईल आणि ज्याला हे यंत्र चालवता येणार नाही त्याची बदली मेखोंगच्या काठावरच्या ठाण्यात होईल. तिथे जायला आधी आगगाडी, मग बैलगाडी, मग (आमच्यातला एक जण जाऊन आला आहे) जो कोणी नेईल तो. माझं अक्षर तुला माहीत आहे. सगळ्या कचेरीत माझ्यासारखं अक्षर नाही, मंत्र्यांकडे जायचा कागद माझ्याच हातून जातो. म्हणजे जात होता. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. मला बँकॉक सोडायचं नाही, मावशी. इथला बर्फ, इथली ट्राम, संध्याकाळचं शेवयांचं दुकान, सगळ्याची मला सवय झाली आहे.

टायपिंग शिकणं भाग होतं. शिकायला इथे काही कमी नाही. हल्ली या शहरात ज्याला जे येतं त्याचा तो क्लास काढतो आणि ज्याला काहीच येत नाही तो व्यक्तिमत्त्व सुधारण्याचा काढतो. मी पूर्वी दोन ठिकाणी शिकलो आहे. सायकल शिकवणारे मास्तर आपल्याकडचेच होते, त्यांनी पहिल्या गुरुवारी माझं गुरुपूजेचं तबक दोन्ही हातांनी घेतलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी नवव्या दिवशी सायकलवरून कालव्यात पडलो, पण सायकलीसकट पडलो, म्हणजे विद्या आली होती. उलट इंग्रजी शिकवणाऱ्या गोऱ्या मडमेला मी तबक दिलं तेव्हा तिने हरळी घोड्याला घातली, वांग्याचं फूल टोपीत खोवलं, लाह्या पोपटाला दिल्या आणि मला ‘थँक्यू’ म्हणाली. आठ महिन्यांनंतर मला इंग्रजीत तेवढंच येत होतं. तूच लहानपणी सांगायचीस ना, की गुरूने तबक घेतल्याशिवाय उचललेली विद्या उलटते, तुमच्या मंडळीत त्या पोराने तबक न देता राक्षसाचा मुखवटा चढवला आणि त्याची मान तीन महिने वाकडी राहिली? मी ते विसरलेलो नाही. (म्हणजे हे सगळं तुझ्यामुळे झालं. रागावू नकोस.)

टायपिंगचा क्लास दिव्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. चालवणाऱ्या लमुनबाई. वय सव्वीस, केस मानेपर्यंत कापलेले, डोळ्यांना चष्मा, हातात वेताची पट्टी. ती पट्टी त्या कोणाला मारत नाहीत, पण टेबलावर आपटतात तेव्हा खालच्या दुकानातल्या काचा वाजतात. मी चौकशीला गेलो तेव्हा क्लास सुरू व्हायला दोन आठवडे होते आणि बाई पाटीकडे बघून वैतागल्या होत्या, कारण रंगाऱ्याने ती इतकी वाकडी रंगवली होती, की जिना चढणाऱ्याची मान वाकडी व्हावी. मी म्हटलं, मी लिहून देतो. दुपारी बसलो तो संध्याकाळ झाली. बाई शेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. मध्ये लिंबाचं सरबत आणलं, मग पंखा आणला. दुसऱ्या दिवशी वेलबुट्टी काढायला गेलो. तिसऱ्या दिवशी काढायचं काही उरलं नव्हतं, पण बाई म्हणाल्या, कोपऱ्यात एखादं कमळ बरं दिसेल, म्हणून पुन्हा गेलो. हे तुला एवढ्यासाठी सांगतो, की आमची सुरुवात चांगली झाली होती. माझ्याकडून कुठे चूक झाली असं मला तरी आठवत नाही.

पहिला गुरुवार आला. आम्ही बारा विद्यार्थी तबकं घेऊन रांगेत बसलो. माझं तबक सगळ्यांत देखणं होतं: लाह्या, हरळी, खाली मान घातलेली वांग्याची तीन फुलं, मेणबत्ती, उदबत्ती, सगळं छेमकाकूंकडून (आमच्या घरमालकीण, त्यांना यातलं फार कळतं) नीट रचून आणलेलं. बाईंनी पहिल्याचं तबक घेतलं, दुसऱ्याचं घेतलं. आमच्या कचेरीतला जरून, ज्याच्या तबकातली हरळी रस्त्यावरून उपटलेली होती आणि तिला चिखल होता, त्याचंही घेतलं. शेवटी माझ्यापाशी आल्या, तबकाकडे बघितलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, “तुमचं राहू द्या.”

सगळ्यांसमोर, मावशी! मला तोंडात मारल्यासारखं झालं. जरून जिना उतरताना म्हणाला, “लेका, तू पाटीवर काही वाकडंतिकडं लिहिलंस काय?” मी रस्ता ओलांडून, उभा राहून सगळी पाटी पुन्हा वाचली. कमळासकट काही वावगं नव्हतं.

दुसऱ्या गुरुवारी मी दुप्पट मोठं तबक नेलं. बाई म्हणाल्या, “एवढं ओझं कशाला आणलंत? खाली ठेवा, हात दुखतील.” खाली ठेवलं, ते खालीच राहिलं. तिसऱ्या गुरुवारी जरूनच्या हाती पाठवलं. त्याने ते दिलं, बाईंनी ‘कोणाचं?’ म्हणून विचारलं, त्या गाढवाने खरं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच लाह्या ताडगुळात घोळून, लाडू वळून मला परत आल्या. चिठ्ठी होती: खाऊन टाका. मी खाल्ले. लाडू उत्तम होते. चौथ्या गुरुवारी छेमकाकूंच्या सल्ल्याने मी वांग्याचं एक फूल बाईंच्या खणात लपवलं, की हात लागला म्हणजे घेतल्यासारखं होईल. बाईंनी ते चिमट्याने उचललं.

आणि व्हायचं तेच झालं. विद्या येईना. या यंत्राला सात ओळी कळा आहेत, प्रत्येक अक्षराला वेगळी, आणि मला हवं असलेलं अक्षर नेहमी सातव्या ओळीत दुसऱ्या टोकाला असायचं. बाकीचे अकरा जण सरकारी पत्राचा मायना टाइप करू लागले तरी मी पहिल्याच धड्यात. तेव्हा बाईंनी मला शिक्षा दिली. बाकीचे सुटले की मी रोज तासभर थांबायचं. एकटा बसलो असतो तर सोसलं असतं, पण कोपऱ्यात बाईंची आई पानाचा डबा घेऊन बसायची आणि माझी उलटतपासणी करायची.

“कुठल्या वर्षाचा रे तू? वाघाच्या की सशाच्या?”

म्हटलं, सशाच्या वर्षी जन्मलो.

“सशाचा चालेल. वाघ आमच्या घरात एक आहे.” (इथे बाईंनी पट्टी आपटली.) “दारू?”

म्हटलं, सणाला, आणि तीही साहेबांनी दिली तर.

“अजून कच्चाच आहेस की पिकलायस?”

मी सांगितलं, पिकलोय, विसाव्या वर्षी आपल्या फेचबुरीच्या विहारात डोकं भादरून, भिक्षू होऊन एक पूर्ण वर्षावास काढला आहे, मावशीने तेव्हा सगळ्या गावाला जेवण दिलं होतं. म्हातारी खूश झाली, तिने मला दात दाखवायला लावले आणि आडनाव, आईवडील, ते कशाने गेले, घराण्यात कोणी वेडं होतं का, सगळं विचारून घेतलं. मी सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, प्रमाणपत्रावर घालायचं असेल.

अशात परीक्षेला तीन आठवडे उरले आणि लुआंगसाहेबांनी मेखोंगच्या ठाण्याचा नकाशा भिंतीवर टांगला. मग मला विचार सुचला, की तुमचे वादक मृदंगाला हात जोडतात, मुष्टियोद्धे आखाड्याला जोडतात. बाई नाही म्हणतात तर नाही, विद्या ज्याच्या पोटात आहे तो तर नाही म्हणणार नाही! दिव्यांच्या दुकानदाराला गाठून मी पुढच्या गुरुवारी उजाडताच वर गेलो आणि ज्यावर बसायचो त्या तीन नंबरच्या यंत्रापुढे तबक ठेवलं. उदबत्ती लावली, तीनदा डोकं टेकलं, कपाळाशी (म्हणजे कागद खोचतात तिथे) सुगंधी पिठाचे तीन टिळे लावले, अत्तराचं पाणी शिंपडलं आणि लाह्या उधळल्या. छेमकाकूंनी पत्ता दिला म्हणून मिन गूळ घेऊन तिथवर आला आणि त्याने पाहिलं ते हे. यंत्राने काहीच हरकत घेतली नाही. मला इतकं हलकं वाटलं, की मी तिथेच बसून एक ओळ टाइप केली आणि ती बरोबर आली.

दुसरी ओळ आली नाही. टिळे सुकून त्यांचा दगड झाला होता, अत्तराने रिबिनीची शाई उतरली होती आणि लाह्या आत शिरून अक्षरांच्या दांड्यांमध्ये जाऊन बसल्या होत्या. क्लास भरला तेव्हा त्या यंत्रावर जरून बसला (दैव बघ), त्याने पहिली कळ दाबली आणि एक लाही उडून त्याच्या कपाळावर बसली. मग दुसरी. क्लास हसत सुटला, बाईंची आई हसता हसता पान गिळून बसली. बाई हसल्या नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी मला समोर उभं केलं.

“हे तुम्ही केलंत?”

“हो बाई.”

“यंत्राला गुरू केलंत?”

मी म्हटलं, बाई, तुम्ही तबक घेत नाही, माझी बदली होईल, मी आणखी काय करू?

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “बरं केलंत. त्यालाच गुरू मानत जा. मला मानू नका म्हणजे झालं.”

मला फार वाईट वाटलं. एवढा नालायक विद्यार्थी मी खरंच नाही. पण त्यापुढचे तीन दिवस आम्ही दोघांनी, कोंबडीचं पीस आणि रॉकेल घेऊन, त्या यंत्राची एकेक दांडी पुसली. बाईंनी दांडी दाखवायची, मी अक्षर सांगायचं आणि पुसायचं. (म्हातारी कोपऱ्यात होतीच, पण तिला बरीच झोप लागायची.) आणि चौथ्या दिवशी मी बसलो तर बोटं आपोआप जागच्या जागी जायला लागली! कुठलं अक्षर कुठे राहतं ते मला घरच्यासारखं माहीत झालं होतं. यंत्राने तबक स्वीकारलं होतं, याबद्दल मला शंका नाही.

परीक्षेत लुआंगसाहेबांनी गळ्यात घड्याळ अडकवून एक पान वाचलं. मी काठावर पास झालो. माझ्या अकरा ओळी झाल्या, जरूनच्या पंधरा, पण त्यातल्या शेवटच्या दोन कागद संपल्यावर रुळावर झाल्या. मेखोंगला आमचा हिशेबनीस जातो आहे, त्याने यंत्राला भिऊन परीक्षाच दिली नाही.

मी कचेरीतून धावत क्लासला गेलो. तबक आणायला वेळ नव्हता. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, समोर बाकीचे विद्यार्थी, बाजूला आई, दारात दिवेवाला. मी सरळ जाऊन गुडघे टेकले आणि सगळ्यांसमोर बाईंच्या पायांवर तीनदा डोकं ठेवलं. म्हटलं, बाई, तुम्ही नाही म्हणालात तरी माझ्या गुरू तुम्हीच. बाई किंचाळल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीवर उभ्या राहिल्या. मग उतरल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून चार दिवस माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. काल म्हातारीने मला पानसुद्धा दिलं नाही. मावशी, मी पास झालो, बदली टळली, आणि मला शेवया गोड लागत नाहीत. मी काय केलं ते मला कळत नाही.

काकांना दोन्ही कानांनी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने माझा नमस्कार सांग. नाचाच्या पोरींना सांग, की मावशीचे गुडघे सांभाळा. गायीचं कळव.

तुझा,
थोंगयू

ता. क. – पत्र दोन दिवस घरातच राहिलं. काल छेमकाकूंनी विचारलं म्हणून त्यांना वाचून दाखवलं. शेवटापर्यंत यायच्या आधीच त्यांनी मला पानाच्या डब्याने मारलं. “अरे ठोंब्या,” म्हणाल्या, “तबक घेतलं की ती तुझी गुरू. गुरू म्हणजे आईच्या जागी. आईशी कोणी लग्न करतं का? अकरा जणांचं घेतलं आणि तुझंच घेतलं नाही, तिने आणखी काय दवंडी पिटायची होती? मला आधी सांगितलं असतंस की बाई म्हणजे सव्वीस वर्षांची पोरगी आहे, तर मी तुला तबकं रचून दिली असती का?” मी त्यांना बाईंचं वय सांगितलं नव्हतं, मावशी. त्यांना वाटत होतं, बाई म्हणजे साठीची कोणीतरी. कृपा करून वरचं पत्र पहिल्यापासून पुन्हा वाच. सरबत आणि पंखा हे विशेष लक्ष देऊन वाच. मी रात्रभर तेच वाचत होतो.

ता. क. दुसरा – आज जाऊन आलो. बंद दारापाशी उभा राहून म्हटलं, माझ्या ध्यानात आलं. आतून आवाज आला, “चार महिन्यांनी?” म्हटलं, मी पहिल्या धड्यातच अडकतो, हे तुम्हाला माहीत आहे. मग दार उघडलं. तेव्हा आता खरी विनंती अशी, की ताबडतोब बँकॉकला ये आणि लमुनला (बाई म्हणायला मनाई झाली आहे) मागणी घाल. मला बर्फ, ट्राम काही नको, मला ती हवी आहे. पण म्हातारीने मोडता घातला आहे. तिचं म्हणणं, तबक घेतलं नसलं तरी त्या दिवशी मी पायांवर डोकं ठेवलं, म्हणजे मी शिष्य झालो, आणि असं लग्न लावलं तर शाप लागेल. लमुन म्हणते, माझं डोकं टेकायच्या आधी तिचे पाय खुर्चीवर होते, मी तीनही वेळा खुर्चीच्या पायांना नमस्कार केला. म्हातारी म्हणते, पहिला लागला. दिवेवाला म्हणतो, दुसरा. माझे डोळे मिटलेले होते. शेवटी म्हातारी म्हणाली, की नाटकमंडळीतल्या माणसांना गुरूचे नियम सगळ्यांत जास्त माहीत असतात, तेव्हा तुझी मावशी जो निवाडा देईल तो मी ऐकेन. मावशी, माझं सगळं आता तुझ्या हातात आहे. गुडघे दुखत असले तर त्या चारही पोरींना घेऊन ये, पण ये. (पाकीट चिकटवायला घरात खळ नाही, लमुनकडे मागायला जातो.)

(याखालचा मजकूर यंत्रावर टाइप केलेला:)

पूज्य मावशींना लमुनचा नमस्कार. पत्र चिकटवण्याआधी वाचलं, क्षमा असावी. निवाड्याला उपयोग व्हावा म्हणून लेखी देते, की यांना मी आजवर काहीही शिकवलेलं नाही. चार महिने माझ्या क्लासात बसून यांना माझ्याकडून एक अक्षर आलं नाही, याला अकरा साक्षीदार आहेत. जे आलं ते तीन नंबरच्या यंत्राकडून आलं, आणि त्या यंत्राशी यांचं लग्न होऊ नये याबद्दल माझीही काही हरकत नाही. लवकर यावं.